माप कोणाचे? : वैद्यकीय शिक्षण आणि डॉक्टरांचे देशांतर

फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयात दोन कार्यक्रम लागोपाठ येतात. २६ तारखेला डॉ. आनंदीबाई जोशी यांचा स्मृतिदिन आणि २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. एका वर्षी मराठी विभागाने हे दोन्ही दिवस जोडून एक वादसभा ठेवली. विषय होता, ‘वैद्यकीय शिक्षण मराठीतून दिले, तर डॉक्टर परदेशी जाणार नाहीत.’ बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्याने अपेक्षेप्रमाणे टाळ्या मिळवल्या. विरुद्ध बाजूने एक मुलगी बोलायला उभी राहिली. तिने फारसा आवेश आणला नाही. ती एवढेच म्हणाली, की इंग्रजी येत नाही म्हणून जो डॉक्टर इथे राहील, तो राहिला असे आपण म्हणायचे, की अडकला असे? आम्ही दोघे परीक्षक होतो. गुण देऊन झाले, पारितोषिके वाटून झाली, पण त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराच्या शोधात केलेल्या वाचनाचा वृत्तान्त आहे.

डॉक्टरांच्या परदेशगमनाचा विषय निघाला, की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. समाजाच्या पैशावर शिकून परक्यांची सेवा करणारे कृतघ्न, हा एक. आणि इथे गुणांची कदर नाही, मग माणूस जाणारच, हा दुसरा. दोन्ही सुरांत एक गृहीत समान आहे. जाणे किंवा न जाणे हा जणू त्या त्या डॉक्टरच्या स्वभावाचा प्रश्न आहे. इतिहास पाहू लागलो, तेव्हा आम्हांला दिसले ते वेगळेच. डॉक्टर जिथे घडतो त्या संस्थेचा पाया घालतानाच त्याच्या जाण्याचा रस्ताही आखला गेला होता, आणि त्या आखणीत भाषेचा वाटा मोठा होता. भाषेच्या अभ्यासकांनी वैद्यकाच्या इतिहासात डोकावण्याचा अधिकार आम्ही घेतो, तो एवढ्याच आधारावर.

सुरुवात मुंबईपासून करू. १८२६ मध्ये सरकारने तिथे एतद्देशीयांसाठी एक वैद्यकीय शाळा काढली. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. शिकवणे देशी भाषांतून होते आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकांचे मराठी-गुजराती तर्जुमे करण्यात आले. म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक मराठीतून शिकवण्याचा विचार आजकालचा नाही. तो जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. पण ही शाळा १८३२ मध्ये बंद झाली. कलकत्त्यात १८२२ पासून चाललेली अशीच संस्था १८३५ मध्ये मोडीत निघाली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज आले. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेही इंग्रजीतूनच. त्याची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी मुंबईतच राहिले. वैद्यकी, प्राच्यविद्या आणि सार्वजनिक कार्य या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी नाव कमावले. तेव्हा इंग्रजीत शिकलेला डॉक्टर जातोच, असे म्हणता येत नाही. पण त्याला जाण्याची वाट असते. ही वाट १८४५ मध्येच मोकळी झाली होती. त्या वर्षी द्वारकानाथ टागोर यांच्याबरोबर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले चार विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. त्यांतले एक सूर्यकुमार चक्रवर्ती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील प्रवेश १८५५ मध्ये स्पर्धापरीक्षेने होऊ लागला, तेव्हा त्या परीक्षेत उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय तेच ठरले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नोकरी हिंदुस्थानातली, रुग्ण हिंदुस्थानातले, पण परीक्षा मात्र लंडनमध्ये. स्वदेशात वरच्या पदावर बसायचे तर आधी विलायतेला जाऊन यावे लागे. वैद्यकीय शिक्षण आणि देशांतर यांची गाठ अशी पहिल्याच पिढीत बसली.

मराठी मात्र या चित्रातून पुसली गेली नव्हती. १८६० च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग सुरू झाले. सरकारी दवाखान्यांना हाताखालचे कर्मचारी हवे होते आणि इंग्रजीतून पदवी घेतलेले तरुण त्या पगारावर खेडोपाडी जाण्यास राजी नव्हते. पुढे १८७८ मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभाई यांच्या नावाची वैद्यकीय शाळा उभी राहिली. तिचे पदवी देणारे महाविद्यालय होण्यास १९४६ साल उजाडावे लागले. एकाच विद्येचे असे दोन मजले झाले. वरच्या मजल्यावर इंग्रजी, पदवी आणि विलायतेची खिडकी. खालच्या मजल्यावर देशी भाषा, परवाना आणि तालुक्याचा दवाखाना. मराठीला वैद्यकात जागा मिळाली, पण ती जिन्याखालची.

गोव्याची कहाणी याहून बोलकी आहे. पणजीला १८४२ मध्ये पोर्तुगीज सरकारने वैद्यक-शल्यशाळा स्थापन केली. तिथून शिकून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला अशा आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत आरोग्यसेवेवर पाठवले जात. मात्र खुद्द पोर्तुगालमध्ये वैद्यकी करायची, तर त्यांना तिथल्या संस्थेत पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. एकाच पदवीला आफ्रिकेत किंमत आणि लिस्बनमध्ये नाही, याचा अर्थ काय? डॉक्टर कुठे जाईल हे त्याच्या इच्छेपेक्षा त्याच्या पदवीवरच्या शिक्क्याने ठरत होते. शिक्का उमटवणारा हात जसा रस्ता दाखवी, तसा डॉक्टर चाले.

याच काळात काही माणसे याच रस्त्याने उलट्या हेतूने गेली. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आपण का जातो हे त्यांनी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी आणि तसे शिक्षण इथे मनासारखे मिळत नाही, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, हे मुद्दाम सांगायला हवे. परक्या भूमीवर बसून त्या आपल्या घरातल्या बाळंतिणीविषयी लिहीत होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाचे पद त्यांची वाट पाहत होते. ते भूषवण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून गेलेल्या रखमाबाई लंडनच्या स्त्री वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि परतून सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर वैद्यकी केली. या दोघींच्या बाबतीत दरवाजा बाहेरून बंद नव्हता, घरातून बंद होता. म्हणून त्या गेल्या, आणि परत येण्यासाठी गेल्या.

आता प्रश्न मापाचा. पदवी चांगली की वाईट हे कोणी ठरवायचे? ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले. १८८६ च्या कायद्याने साम्राज्यातील अन्य देशांच्या पदव्यांना मान्यता देण्याची सोय झाली आणि त्यानुसार हिंदुस्थानातील विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्याही तिथे चालू लागल्या. मान्यता आली तशी तपासणीही आली. इथले प्रसूतिशास्त्राचे प्रशिक्षण अपुरे आहे, अशी तक्रार १९२० च्या दशकात वाढत गेली आणि १९३० मध्ये कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. इथल्या डॉक्टरांना हा अपमान वाटला, आणि तो होताही. पण त्या अपमानाचे उत्तर आपण कोणत्या दिशेने दिले, हे पाहण्यासारखे आहे. १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यकीय परिषद अस्तित्वात आली. तिच्या कक्षेत फक्त विद्यापीठीय पदवीधर आले. वैद्यकीय शाळांतून परवाना घेऊन बाहेर पडलेले लायसेन्शिएट तिच्या नोंदीबाहेर राहिले. विलायतेने आपल्याला पंगतीतून उठवले, म्हणून आपण आपली वेगळी पंगत मांडली आणि तिथे आपल्यातल्याच मोठ्या समूहाला वाढले नाही.

हा समूह किती मोठा होता? भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला, तेव्हा देशात नोंदणीकृत डॉक्टर होते सुमारे ४७ हजार आणि त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक लायसेन्शिएट होते. त्यांचा परवाना साता समुद्रांपलीकडे चालत नव्हता, म्हणून ते गेले नाहीत. खेड्यांत आणि छोट्या गावांत जे काही आधुनिक वैद्यक पोचले होते, त्याचा मोठा भार त्यांच्या खांद्यावर होता. समितीने सर्वांसाठी एकच पदवी, एकच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा, अशी शिफारस केली. डॉक्टरांचा तुटवडा असताना लायसेन्शिएटांचे शिक्षण बंद करू नये, असे मत काही सभासदांनी वेगळे नोंदवले. ते मागे पडले. यात खलनायक शोधण्यात अर्थ नाही. दुय्यम डॉक्टर गरिबाच्या माथी मारू नये, हा एकाच पदवीमागचा विचार उदात्तच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की देशाचा प्रत्येक नवा डॉक्टर जगाच्या बाजारात चालेल अशा नाण्याच्या रूपात पाडला जाऊ लागला.

आणि बाजार तयार होताच. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. डॉक्टरांची गरज वाढणार हे उघड असताना विलिंक समितीने १९५७ मध्ये नेमका उलटा सल्ला दिला, की वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक दशांशाने कमी करावी. अंदाज साफ चुकला. त्यातच ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे जाऊ लागले. ही पोकळी भरून काढली भारतीय उपखंडातील डॉक्टरांनी. प्रतिष्ठेच्या जागा त्यांना क्वचित मिळाल्या. वृद्धांचे आजार आणि मानसोपचार यांसारख्या, स्थानिक डॉक्टरांनी नाकारलेल्या शाखांत ते गेले. वेल्सच्या खाणीच्या खोऱ्यांत आणि उत्तरेकडील कारखान्यांच्या गावांत त्यांनी दवाखाने चालवले. १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध जहाल भाषण करणारे इनॉक पॉवेल हे १९६० ते १९६३ या काळात ब्रिटनचे आरोग्यमंत्री होते, आणि त्यांच्या खात्याची रुग्णालये तेव्हा याच डॉक्टरांच्या बळावर उभी होती. पुढे ब्रिटनमधील वैद्यकीय शिक्षण विस्तारू लागले. १९७५ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढून घेतली आणि परदेशी डॉक्टरांसाठी भाषेची व ज्ञानाची परीक्षा सुरू झाली. गरज असताना जी पदवी चालली, ती गरज ओसरताना तोकडी ठरली. माप तेच, मोजणाऱ्याचा हात तेवढा हलला.

अमेरिकेत याच गोष्टीचा दुसरा अंक झाला. अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून १९१० मध्ये अहवाल दिला. त्यानंतरच्या काळात निकृष्ट शाळा झपाट्याने बंद पडल्या. शिक्षणाचा दर्जा वाढला, पण शाळांची संख्या आटली; कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या सात शाळांपैकी तर दोनच उरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्णालये वाढली आणि निवासी डॉक्टरांच्या जागा स्थानिक पदवीधरांपेक्षा अधिक झाल्या. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्यांची जुनी पद्धत मोडली. त्याच वर्षी वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमाही आला. आपल्या मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील पदवीधरांच्या अमेरिकावारीचे युग सुरू झाले, ते या दोन कायद्यांच्या संगमावर. १९७६ मध्ये डॉक्टरांची टंचाई संपली असे जाहीर करून अमेरिकेने दार किलकिले केले. पुढे आपल्याच दुर्गम भागांत जाण्यास स्थानिक डॉक्टर मिळेनात, तेव्हा १९९४ पासून, मागास भागात सेवा करण्याच्या अटीवर परदेशी डॉक्टरांना राहू देण्याची सवलत दिली. मेळघाटात जायला नाखूश असलेला मराठी डॉक्टर अमेरिकेतल्या एखाद्या मेळघाटात तीन वर्षे राहतो, यातली विसंगती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिथे त्याला अट होती आणि अटीच्या पलीकडे काही तरी दिसत होते.

या प्रवाहाचे आकारमान सांगणारे आकडे मोजकेच देतो. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या अभ्यासानुसार १९७२ च्या सुमारास जगात सुमारे १ लाख ४० हजार डॉक्टर मायदेशाबाहेर होते आणि पाठवणाऱ्या देशांत भारत अग्रभागी होता. २००५ मध्ये फिट्झह्यू मुलन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांत मिळून ५९,५२३ भारतीय पदवीधर डॉक्टर आढळले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून १९८९ ते २००० या काळात पदवी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परदेशात होते, असे २००८ मधील एका अभ्यासाने दाखवले. ज्या संस्थेवर देशाने सर्वाधिक लोभ केला, तिथूनच पाखरे अधिक उडाली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता मंजूर केली. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नियमांचे काय होते हे परीक्षागृहात पर्यवेक्षण करणाऱ्या आम्हां शिक्षकांना कोणी सांगायला नको.

अलीकडे या गोष्टीला आणखी एक वळण लागले आहे. इथे प्रवेश न मिळालेली किंवा इथले शुल्क न परवडणारी मुले रशिया, युक्रेन, चीन येथे शिकायला जाऊ लागली. ती परत आल्यावर त्यांच्यासाठी २००२ पासून आपण चाळणी परीक्षा ठेवली. ब्रिटनने १९७५ मध्ये जे आपल्या पदवीधरांशी केले, तेच आपण आपल्या मुलांशी करू लागलो. आणि २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, तेव्हा आपल्या पदवीधरांना आता परदेशी शिकता येईल, काम करता येईल, हा तिचा मोठा लाभ म्हणून सांगितला गेला. १९३० ची जखम भरली, हे खरे. पण जखम भरल्याचा दाखलाही आपण बाहेरूनच आणला.

मग सगळे असेच चालायचे का? याच महाराष्ट्रात वेगळे माप लावून पाहिलेली माणसे आहेत. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तिथला विद्यार्थी शिक्षणाच्या आरंभीच खेड्यात मुक्कामाला जातो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला बसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही अमेरिकेतच सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत काम उभारले. नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचे तिथले निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि जगाने ते वाचले. ही माणसे गेली होती. आनंदीबाईंप्रमाणे एक प्रश्न घेऊन गेली होती.

आणि इथेच आम्हांला आमच्या वादसभेच्या उत्तराची चाहूल लागली. जामखेडला आणि गडचिरोलीला ज्या गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले गेले, त्यांतल्या कितीतरी जणी फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांना जंतुसंसर्ग, अतिसार, न्यूमोनिया समजावून द्यायचा तो त्यांच्याच बोलीत. १८३२ मध्ये मुंबईत खंडित झालेला मराठी वैद्यकाचा वर्ग असा दीडशे वर्षांनी माळरानावरच्या एका झाडाखाली पुन्हा भरला. तिथे मराठी आली ती कोणाला अडवून ठेवण्यासाठी नव्हे. आई मराठीत बोलते आणि बाळ तिच्या मांडीवर असते, म्हणून आली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली आणि आपल्याकडेही मराठीची मागणी जोर धरू लागली. ती मागणी आमचीही आहे. मराठीच्या शिक्षकांनी ती करायची नाही, तर कोणी करायची? पण ती करताना लायसेन्शिएटांचा इतिहास समोर असावा. ज्यांच्या पदवीला पाय नव्हते ते राहिले, हे खरे. आणि त्यांना आयुष्यभर खालच्या मजल्यावर ठेवले गेले, हेही तितकेच खरे. भाषेचे कुंपण घातले, तर कुंपणाआड सापडतील ती गरिबाघरची, खेड्यातली मुले. ज्यांच्याकडे इंग्रजी आहे ती कुंपणावरून उडी मारून जातील, आजच्यासारखीच.

त्या मुलीला आम्ही तेव्हा दुसरे पारितोषिक दिले होते. आज द्यायचे झाले, तर पहिले देऊ. तिच्या प्रश्नावर आमचे उत्तर असे, की मराठीतून वैद्यक शिकवावे ते डॉक्टरला बांधून ठेवण्यासाठी नव्हे. त्याला आपल्या रुग्णाचे बोलणे कळावे, म्हणून. विद्यार्थ्याला इंग्रजीही यावी, त्याला जगात कुठेही जाता यावे. फक्त त्याच्या शिक्षणाचे माप एकदा तरी लंडन-फिलाडेल्फियाऐवजी कोल्हापूरच्या त्या स्त्रीविभागात घेतले जावे, जिथली खुर्ची १८८७ मध्ये रिकामी राहिली.